न संपणारी फरशी आणि दोन कोंबड्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीने आणि मी पुठ्ठ्याच्या ऐंशी कोंबड्या कापल्या. चाळीस जाड, चाळीस बारीक. एकीच्या चोचीत दुसरीची शेपटी अडकते, पोटाच्या फुगवट्यात पाठीची खोलगट कड बसते, मध्ये कुठेही फट राहत नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडत मांडत आम्ही ओट्यापासून दारापर्यंत आलो, आणि जाड कोंबड्या संपल्या. डब्यात पंधरा बारीक कोंबड्या तशाच पडून होत्या. "मावशी, समान कापल्या होत्या ना आपण?" तिने विचारलं.

समानच कापल्या होत्या. त्या उरलेल्या पंधरा कोंबड्यांमध्येच या विषयाचं मर्म आहे. २०२३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी शोधलेल्या 'टोपी'च्या आकाराची बातमी जगभर झळकली, तेव्हापासून "कधीच पुनरावृत्ती न होणारी फरशी" हे शब्द अधूनमधून कानावर येतात. ऐकायला गूढ वाटतात, पण समजून घ्यायला आठवीचं गणित पुरतं.

साधी फरशी काय करते

घरातली चौकोनी फरशी घ्या, नाहीतर फुटपाथवरचे नागमोडी पेव्हर ब्लॉक. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून सगळे सांधे गिरवा, मग तो कागद न फिरवता थोडा सरकवा. एका ठरावीक अंतरावर गिरवलेला प्रत्येक सांधा खालच्या सांध्यावर तंतोतंत बसेल. अशा मांडणीला आवर्ती म्हणतात. एक छोटा तुकडा समजला की सगळा हॉल समजला. ठिपक्यांच्या रांगोळीत एक कमळ जमलं की उरलेलं अंगण हात आपोआप भरतो, तसंच हे.

सगळेच आकार मात्र जुळत नाहीत. सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या पंचकोनाचा कोपरा १०८ अंशांचा. तीन पंचकोन एका बिंदूपाशी आणले तर ३२४ अंश होतात, ३६ अंशांची फट राहते आणि चौथा मावत नाही. पंचकोनाची ही अडचण लक्षात ठेवा, पुढे तिच्यातूनच वाट निघाली.

सरडे, मासे, पक्षी

प्राण्यांच्या आकाराच्या फरश्या म्हटलं की डच चित्रकार एशर यांचं नाव येतंच. स्पेनमध्ये ग्रनाडाला अल्हाम्ब्रा नावाचा राजवाडा आहे. तिथल्या भिंतींवरची भौमितिक नक्षी त्यांनी १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये पाहिली, आणि पुढचं आयुष्य त्या नक्षीत जीव ओतण्यात घालवलं. भिंतीवरच्या षटकोनाचा त्यांच्याकडे सरडा झाला, चौकोनाचा पक्षी.

त्यामागची युक्ती समजायला एक चौकोन कापा. डाव्या बाजूने एक वाकडातिकडा तुकडा काढा आणि उजव्या बाजूला तसाच चिकटवा. वरून एक काढा, खाली जोडा. क्षेत्रफळ तेवढंच राहिलं, आणि शेजारच्या प्रतीचा फुगवटा आपल्या खोबणीत बरोबर बसतो. एका कडेकडून घेतलेलं दुसऱ्या कडेला परत द्यायचं, हा एकच नियम. मग त्या फुगवट्यात डोकं दिसतं, खोबणीत मान दिसते, डोळ्याचा ठिपका दिला की मासा तयार. नियम सोपा असला तरी एशरसारखा मासा काढायला एशरच लागतो, हे मी अनेक संध्याकाळी खर्चून शिकले आहे.

एशर यांचे असे प्राणी चौकोन, षटकोन अशा ओळखीच्या सांगाड्यांवर उभे आहेत. ट्रेसिंग पेपर सरकवला की सरड्यावर सरडा बसतो.

"पुनरावृत्ती नाही" याचा नेमका अर्थ

इथे एक शंका हमखास येते. साध्या आयताकृती विटासुद्धा वेड्यावाकड्या रचता येतात. एक ओळ थोडी डावीकडे सरकवा, पुढची त्याहून वेगळ्या मापाने. झाली न जुळणारी मांडणी! मग यात विशेष ते काय?

विशेष हे की विटा तशा रचता येतात, पण नीट ओळीतही रचता येतात. आपण शोधतोय ते असे आकार, जे जमीन पूर्ण भरतात पण आवर्ती पद्धतीने भरूच शकत नाहीत. मिस्त्रीने कितीही प्रयत्न केला तरी ट्रेसिंग पेपर कुठेही सरकवून जुळता कामा नये. अशा आकारांना अनावर्ती आकार म्हणू.

असे आकार नसतीलच, असा अंदाज तर्कशास्त्रज्ञ हाओ वांग यांनी १९६१ मध्ये मांडला होता. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या रॉबर्ट बर्गर यांनी तो चुकीचा ठरवला. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संचात २०,४२६ वेगवेगळ्या फरश्या होत्या. हा आकडा पुढे झपाट्याने घसरला. १९७१ मध्ये राफाएल रॉबिन्सन सहांवर आले, आणि १९७४ च्या सुमारास ऑक्सफर्डचे रॉजर पेनरोझ दोनांवर. कृष्णविवरांच्या कामासाठी २०२० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले पेनरोझ ते हेच.

पतंग आणि बाण

पेनरोझ यांनी पंचकोनाची ती ३६ अंशांची फट हाताशी धरली. त्यांचे सगळे कोन ३६ च्या पाढ्यात येतात. दोन आकारांपैकी एक पतंगासारखा, त्याचे कोपरे ७२, ७२, ७२ आणि १४४ अंशांचे. दुसरा बाणाच्या टोकासारखा, आत खाच असलेला. दोघांनाही दोन लांब आणि दोन आखूड बाजू. लांब बाजू आखूड बाजूच्या १.६१८ पट, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर.

पण एक पळवाट उरते. बाणाच्या खाचेत पतंग बसवला तर सरळ समभुज चौकोन तयार होतो. त्या चौकोनाने अख्खी जमीन ओळीने भरता येईल आणि सगळं मुसळ केरात! म्हणून पेनरोझ यांनी कोपऱ्यांना खुणा दिल्या. प्रत्येक आकाराच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर एक खूण, उरलेल्या दोघांवर दुसरी. सांधा जुळवताना सारखीच खूण सारख्या खुणेशी आली पाहिजे. बाणाच्या खाचेतला कोपरा आणि पतंगाचा १४४ अंशांचा कोपरा यांच्या खुणा वेगळ्या आहेत, त्यामुळे तो चौकोन बाद.

खुणा पाळायच्या की नाही हे मात्र मांडणाऱ्यावर राहतं. विसरला की चुकला. प्राणी इथे कामाला येतात. मला हा विषय इतका प्रिय का आहे, त्याचं कारणही हेच.

दोन रेषा, दोन कोंबड्या

पतंगाची सरळ लांब बाजू पुसून तिथे एक वाकडी रेषा काढा. आखूड बाजूच्या जागी दुसरी वाकडी रेषा. बस, तुमच्या हातात एवढंच आहे. दोन रेषा काढल्या की दोन्ही प्राणी ठरले, कारण लांब बाजूची रेषा पतंगात दोनदा आणि बाणात दोनदा तीच येणार, आखूडचीही तशीच. खुणांमुळे प्रत्येक रेषेला एक दिशा असते. त्यामुळे पतंगाच्या डाव्या बाजूला ती जिथे बाहेर फुगते, उजव्या बाजूला तिथेच आत दबते. पाठ फुगली की पोट खपाटीला गेलंच.

पेनरोझ यांनी स्वतः याच पद्धतीने पतंगाची एक जाड आणि बाणाची एक बारीक कोंबडी केली होती. आता खुणांची गरज नाही. जुळू नये ते जुळतच नाही, पुठ्ठ्यावर पुठ्ठा चढतो. कोंबडीची चोच, मानेचा बाक, शेपटीचं वळण हे सगळे मिळून तो नियमच आहेत. शोभेसाठी वरून लावलेलं त्यात काही नाही. चित्र आणि गणित इतकं एकजीव झालेलं मी दुसरीकडे क्वचित पाहिलं आहे.

काढायला बसलात तर काय होतं तेही सांगते. चोच जरा टोकदार करावी म्हणून मी लांब रेषेचं एक टोक ओढलं, तर त्याच क्षणी बारीक कोंबडीच्या शेपटीत भोसका पडला, कारण ती रेषा तिथेही आहे. शेपटी सावरायला रेषा खाली घेतली, तर बाणाच्या ३६ अंशांच्या अरुंद कोपऱ्यात लांब आणि आखूड रेषा एकमेकींना छेदू लागल्या आणि पक्ष्याची मानच तुटली. सात कागद वाया गेल्यावर कळलं की आधी त्या अरुंद कोपऱ्यात काय मावतं ते बघायचं, मग बाकीचं.

हे काम संगणकालाही शिकवलं गेलं आहे. क्रेग कॅप्लन आणि डेव्हिड सेलसिन यांनी २००० मध्ये अशी पद्धत मांडली की आपण हवा तो आकार द्यायचा आणि संगणकाने त्याच्या जवळात जवळचा, जमीन भरणारा आकार शोधायचा. २००४ मध्ये त्यांनी ती पेनरोझच्या आकारांपर्यंत नेली. कॅप्लन हे नाव पुढे पुन्हा भेटेल.

कशावरून "कधीच" नाही?

ऐंशी कोंबड्यांत जुळलं नाही म्हणून ऐंशी कोटींत जुळणार नाही, हे कोणी सांगावं? शंका रास्त आहे. उत्तरासाठी फरशी क्षणभर बाजूला ठेवून छंदांकडे येऊ.

गझलेची लगावली ज्यांना ठाऊक आहे त्यांना गुरूसाठी 'गा' आणि लघुसाठी 'ल' परिचयाचे असतील. आता एक खेळ. प्रत्येक 'गा'च्या जागी 'गाल' लिहायचं आणि प्रत्येक 'ल'च्या जागी 'गा'. सुरुवात एका 'गा'ने:

गा
गाल
गालगा
गालगागाल
गालगागालगालगा

अक्षरं मोजा: १, २, ३, ५, ८. पुढची ओळ १३ अक्षरांची. या संख्या युरोपात फिबोनाचीच्या नावाने ओळखल्या जातात. त्याचं पुस्तक १२०२ चं. त्याआधीच, बाराव्या शतकात, गुजरातमधले जैन आचार्य हेमचंद्र यांनी ठरावीक मात्रांत लघु-गुरू किती प्रकारे बसतात हे मोजताना याच संख्या दिल्या होत्या.

आता पाचव्या ओळीत 'गा' किती? पाच. 'ल' तीन. पुढच्या ओळीत आठ आणि पाच, मग तेरा आणि आठ. ओळ जितकी लांब, तितकं हे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ सरकतं. आता समजा ही अनंत ओळ कुठेतरी ठेका धरते आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. त्या तुकड्यात 'गा' आणि 'ल' मोजता येतील, समजा २१ आणि १३. मग सगळ्या ओळीचं गुणोत्तर नेमकं २१ भागिले १३ व्हायला हवं. पण सुवर्ण गुणोत्तर अपरिमेय आहे, कोणत्याही दोन पूर्ण संख्यांच्या भागाकाराने ते मिळत नाही. म्हणून असा तुकडा असूच शकत नाही, मग तो कितीही मोठा घ्या.

कोंबड्यांचंही तसंच. एका पतंगाचे छोटे तुकडे केले तर दोन छोटे पतंग आणि दोन अर्धे बाण मिळतात. एका बाणाचे केले तर एक छोटा पतंग आणि दोन अर्धे बाण. शेजारच्यांचे अर्धे तुकडे जोडून पूर्ण बाण होतात. एका पतंगापासून निघालो तर २ पतंग व १ बाण, मग ५ व ३, मग १३ व ८, मग ३४ व २१. तेच गुणोत्तर, तोच युक्तिवाद. असे तुकडे हवे तितक्या वेळा करता येतात, म्हणून जमीन कितीही मोठी असली तरी भरते. नियम पाळून भरलेल्या कोणत्याही जमिनीत हेच लहान-मोठ्याचं नातं दडलेलं असतं. रॉबर्ट ॲमन यांनी तर या फरश्यांवर अशा रेषा शोधल्या की ज्या सांधे ओलांडून सरळ जातात आणि ज्यांच्यामधली लांब-आखूड अंतरं आपल्या गा-ल च्याच चालीने येतात.

आमच्या चाळीस जाड कोंबड्यांबरोबर पंचवीसच बारीक का लागल्या, ते आता दिसेल. ४० भागिले १.६१८ केले की २४.७ येतात.

मग हा नुसता पसाराच झाला की!

पुनरावृत्ती नाही म्हणजे शिस्त नाही, असं वाटणं साहजिक आहे, पण तसं नाही. गा-ल च्या ओळीत दोन 'ल' शेजारी कधी येत नाहीत, तीन 'गा' सलग कधी येत नाहीत. फासे टाकून लिहिलेल्या ओळीत असा बंध नसतो.

फरशीत तर याहून नवल आहे. मांडलेल्या जमिनीतला दोन विती व्यासाचा कोणताही गोल तुकडा निवडा. हुबेहूब तसाच तुकडा त्याच जमिनीत पुन्हा सापडतो, तोही साधारण त्या व्यासाच्या दुपटीच्या आसपास, आणि असे तुकडे अगणित असतात. जॉन कॉनवे यांनी हे दाखवून दिलं. म्हणजे प्रत्येक छोटा भाग पुन्हा पुन्हा भेटतो, फक्त सगळी जमीन एकदम सरकवून जुळत नाही. शिवाय या कोंबड्यांनी भरलेल्या एकमेकींहून वेगळ्या अशा अनंत जमिनी शक्य आहेत, आणि एकीतला कोणताही तुकडा दुसऱ्या प्रत्येकीत सापडतो. आपण कोणत्या जमिनीवर उभे आहोत, हे कितीही चालत गेलं तरी ओळखता येत नाही.

दुसरी एक अडचण आम्हाला जमिनीवर बसूनच कळली. सगळे सांधे बरोबर असूनही एका ठिकाणी पुढची कोंबडीच बसेना. जाडही नाही, बारीकही नाही. भाचीला वाटलं तिचं काही चुकलं. चूक कुठेच नव्हती. शेजाऱ्याशी जुळलं एवढ्यावर पुढचं सगळं जुळेल याची हमी पेनरोझचे आकार देत नाहीत. दहा-बारा कोंबड्या मागे घेतल्या आणि दुसऱ्या वाटेने निघालो. खऱ्या फरश्या बसवताना म्हणून आधी मोठा आराखडा घेऊन तो लहान करत जातात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या गणित संस्थेच्या दारात पेनरोझ यांची अशी फरशी घातलेली आहे.

एकाच प्राण्यावर भागेल का?

दोनांवरून एकावर यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. या शोधातल्या आकाराला गंमतीने 'आइन्स्टाइन' म्हणत. जर्मन भाषेत 'आइन श्टाइन' म्हणजे एक दगड, शास्त्रज्ञाशी त्याचा संबंध नाही.

डेव्हिड स्मिथ यांनी यॉर्कशायरमधल्या ब्रिडलिंग्टन गावात, २०२२ च्या नोव्हेंबरात, तो दगड शोधला. ते छपाई क्षेत्रातून निवृत्त झालेले, आकारांशी खेळण्याची आवड जपणारे गृहस्थ. तेरा बाजूंचा एक आकार पुठ्ठ्यातून कापून ते जुळवत बसले. आकार बसत होता, पण ठेका धरत नव्हता. त्यांनी क्रेग कॅप्लन यांना लिहिलं, मग जोसेफ मायर्स आणि खाइम गुडमन-स्ट्रॉस सामील झाले आणि २०२३ च्या मार्चमध्ये सिद्धता बाहेर आली. तीच ती 'टोपी'. दरम्यान स्मिथ यांना दुसराही आकार सापडला होता, तो 'कासव'. दोघेही एकाच कुटुंबातले निघाले. बाजूंच्या लांब्या हळूहळू बदलत नेल्या की टोपीचं कासव होतं, आणि वाटेतला जवळजवळ प्रत्येक आकार अनावर्तीच असतो.

यावरही आक्षेप आला, आणि तो मिस्त्रीच्या भाषेत सांगता येतो. टोपीच्या मांडणीत साधारण सात टोप्यांमागे एक टोपी उलटी, आरशातल्यासारखी, लागते. चकचकीत थर एकाच अंगाला असलेली टाइल उलटी कशी लावणार? मग तो एक आकार की दोन? याच चौघांनी मे २०२३ मध्ये उत्तर दिलं. त्याच कुटुंबातल्या चौदा समान बाजूंच्या आकाराच्या कडा त्यांनी वक्र केल्या, म्हणजे आरशातली प्रत शेजारी बसूच शकत नाही. त्या आकाराला 'भूत' म्हणतात. नियम इथेही कडेतच मुरवला आहे.

याचा प्राणी करता येईल का? पोटात चित्र काढून सहज करता येतो. कडेतून करायचा म्हटलं तर एकच रेषा चौदा वेळा येते, कधी आत, कधी बाहेर. एका जागी चोच काढावी तर ती सगळीकडे उगवते. दोन कोंबड्यांत निदान दोन रेषा तरी हाताशी होत्या.

उपयोग काय?

उपयोगाचं उत्तर धातूत सापडलं. स्फटिकात अणूंची मांडणी आवर्तीच असते आणि पंचकोनी सममिती तिथे अशक्य, असं पाठ्यपुस्तकं शिकवत. १९८२ च्या एप्रिलमध्ये डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम-मँगेनीजच्या मिश्रधातूत दहा ठिपक्यांची वर्तुळं दिसली. त्यांना संशोधनगट सोडायला सांगण्यात आलं, लायनस पॉलिंग यांच्यासारखे नोबेलविजेते विरोधात उभे राहिले. ते मागे हटले नाहीत. त्या धातूतले अणू पेनरोझच्या फरशीसारखे, शिस्तीत पण न आवर्तता बसलेले होते. २०११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या शेख्टमन यांना मिळालं. अशा अर्धस्फटिकांचा नैसर्गिक नमुनाही रशियातल्या एका उल्कापाषाणात सापडला आहे.

एशर यांना यातलं काहीच पाहायला मिळालं नाही, याची मला हुरहुर वाटते. पेनरोझ त्यांना १९६२ मध्ये भेटले होते, एक लाकडी कोडंही देऊन आले होते. त्या कोड्याच्या आकारावरून एशर यांनी १९७१ मध्ये छोट्या भुतांचं चित्र काढलं. जमीन भरणाऱ्या आकारांचं त्यांचं ते शेवटचं चित्र. १९७२ मध्ये ते गेले आणि पतंग-बाण त्यानंतर दोन वर्षांनी आले.

भाची मे महिन्यात पुन्हा आली होती. या वेळी पुठ्ठा कापण्याआधी तिने वहीत आकडे मांडले, ५, ३, १३, ८, ३४, २१, आणि ८९ व ५५ वर थांबली. "एवढ्या कापल्या तर हॉलपर्यंत जाता येईल," ती म्हणाली. आम्ही ८९ जाड आणि ५५ बारीक कापल्या. डब्यात तीनच उरल्या.